हात दाबला की पुढच्याची पाळी

रविवार, ३ सप्टेंबर

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. वाटलं, गेल्या वर्षीच्या माझ्या प्रार्थनेचा विषय पुन्हा काढणार. मंडळीत अजून तिची चर्चा होते. बायको म्हणते, चर्चा प्रार्थनेची नाही, तिच्या लांबीची होते. बायकोला बारकावे कळत नाहीत.

तर विषय वेगळाच. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी तरुणांचा रविवार. यंदा मंडळीसमोरची प्रार्थना तरुणांनीच करायची. मोठ्यानं, कागद न बघता, स्वतःच्या शब्दांत. मी म्हटलं, म्हणजे मीच ना. पाळकसाहेब म्हणाले, तुम्ही सत्तेचाळीस वर्षांचे आहात. माणसात अशी एक आकडे काढायची वृत्ती असते.

पुढे म्हणाले, तुमच्या संघातली मुलं तोंडच उघडत नाहीत. त्या दिवशीही नाही उघडलं तर तरुण संघ संडे स्कूलच्या बाईंकडे द्यावा म्हणतो. या बाई लहान मुलांना पुठ्ठ्याच्या मेंढ्या दाखवून शिकवतात. मुलं त्यांच्यावर खूश. मेंढ्या असल्यावर कोणीही खूश होईल. मी इतकी वर्षं नुसत्या आवाजावर संघ चालवतोय.

संकल्प: त्या दिवशी प्रार्थना माझी मुलगीच करेल. सतरा वर्षांची आहे, आवाज माझ्यावर गेलाय, फक्त वापरत नाही. जेवताना तिला कळवलं. ती म्हणाली, बघू. या वर्षात ती माझ्याशी बोललेला हा सर्वांत आशादायक शब्द.

शनिवार, ९ सप्टेंबर

संघाची बैठक. हॉलमध्ये गोल करून खुर्च्या. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरायचे, डोळे मिटायचे, एकानं प्रार्थना करायची आणि संपली की शेजाऱ्याचा हात दाबायचा. म्हणजे पुढच्याची पाळी. ज्याला मोठ्यानं करायची नसेल त्यानं मनात करून हात दाबावा, अशी सवलत आहे. सवलत मीच दिली. माझा मनुष्यस्वभावावर विश्वास आहे.

मी डावीकडच्या मुलाचा हात दाबला आणि डोळे मिटायला घेतले. पूर्ण मिटायच्या आत उजवीकडून माझा हात दाबला गेला. अख्खी फेरी संपली होती.

मग अर्थात मीच प्रार्थना केली. कोणीतरी करायलाच हवी. डोळे उघडले तेव्हा जिला मी मनातल्या मनात जांभई म्हणतो ती मुलगी खरोखरच झोपली होती. माझ्या आवाजात एक शांतवणारा गुण आहे, हे मला अनेकांनी सांगितलंय.

मंगळवार, १२ सप्टेंबर. दुपार.

कामावर. नोंद करण्यासारखा प्रकार घडला.

बसस्टँडवर उद्घोषकाची खोली म्हणजे काचेचा खोका. एक टेबल, एक माइक, एक पंखा, जो चालू केला की माइकमध्ये घरघरतो म्हणून बंद ठेवायचा. सकाळपासून नेहमीप्रमाणे फलाट क्रमांक, सुटण्याची वेळ, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, सगळं पोटातून आवाज काढून सांगत होतो. जेवायच्या सुट्टीत इलेक्ट्रिशियन आला आणि म्हणाला, साहेब, तुमची वायर काल रात्रीपासून सुटलेली आहे.

म्हणजे अर्धा दिवस स्टँडवर माझा एक शब्द गेला नव्हता. तरी सगळ्या गाड्या वेळेवर, सगळे प्रवासी योग्य गाडीत, तक्रार एकही नाही. यावरून दिसतं की मी या प्रवाशांना किती चांगली सवय लावून ठेवली आहे.

चौकशी खिडकीवरचा मनुष्य फार हसला. त्याला हसायला काहीही पुरतं.

शनिवार, १६ सप्टेंबर

आज सवलत रद्द. प्रत्येकानं मोठ्यानं प्रार्थना करायची, आणि प्रार्थनेनंतर मी प्रत्येकाला दोन शब्द मार्गदर्शन करायचं. स्टँडवर नवा उद्घोषक आला की आम्ही हेच करतो. चूक लगेच दाखवली की लगेच सुटते.

सुरुवात हूडीपासून केली. हा मुलगा बारा महिने डोक्यावर हूड ओढून असतो. चेहरा कसा आहे हे त्याच्या आईलाच माहीत असावं. म्हणाला, प्रभू, आईला बरं वाटू दे, आमेन. मी लगेच सांगितलं की सुरुवात स्तुतीनं करावी, ‘आमेन’ गिळू नये, आणि आईला नेमकं काय झालंय ते सांगितलं असतं तर बाकीच्यांना सहभागी होता आलं असतं.

त्यानं हूडची नाडी ओढली. आता नाकाचं टोक तेवढं दिसत होतं.

पुढच्या सगळ्यांनी सांगितलं की घसा दुखतोय. एकाच वेळी सगळ्यांचा घसा. साथ असावी. माझी मुलगी तर पाळी यायच्या आत कप धुवायला उठून गेली. कामाची आवड चांगली, पण वेळकाळ असतो.

घरी येताना तिला म्हटलं, तू तरी हूडीसारखं करू नकोस. ती पुढे चालत राहिली. रस्त्यावर गर्दी होती, ऐकू गेलं नसेल.

रविवार, १७ सप्टेंबर

दुपारी आडवा झालो होतो. बेल वाजली. दारात हूडी, जांभई, गिटारवाला आणि आणखी दोघं. माझ्या घरी! आपण होऊन! मी घाईघाईनं शर्ट घातला, पवित्र शास्त्र मांडीवर घेतलं आणि सोफ्यावर सरळ बसलो.

ते म्हणाले, आजी आहेत का?

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या मागच्या खोलीत असतात. अत्यंत बहिऱ्या. कानातलं मशीन केव्हाच बिघडलंय आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. दिवसभर मटार सोलतात, मटार नसले की लोकर गुंडाळतात, आणि समोरच्याचे ओठ थांबले की अंदाजानं मान हलवतात. त्यांच्याशी बोलण्यासारखं काय आहे हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही.

मुलगी सगळ्यांना आत घेऊन गेली. दार लागलं. बराच वेळ कुजबुज. मधूनच सासूबाईंचा खणखणीत ‘आमेन’. झोपेत बोलत असाव्यात.

मुलं जाताना मला ‘येतो अंकल’ म्हणाली. हूडीचा हूड खाली होता. त्याला चक्क केस आहेत.

विचार केला आणि प्रकाश पडला. या डिसेंबरात मला संघाचा प्रमुख होऊन दहा वर्षं होतात. माझा सत्कार ठरतोय! गुप्तता राखायची म्हणून बहिऱ्या बाईची खोली. हुशार आहेत पोरं. मी काही कळलं नाही असं दाखवणार. आरशासमोर थोडा वेळ आश्चर्यचकित होऊन पाहिलं. डावी भुवई जास्त वर जाते.

शनिवार, २३ सप्टेंबर

हॉलमध्ये तोंडाला कुलूप. आमिष दाखवून पाहिलं. जो प्रार्थना करेल त्याला शेवटी खुर्च्या उचलाव्या लागणार नाहीत. सगळ्यांनी आनंदानं खुर्च्या उचलल्या. एक तर म्हणाला, अंकल, तुमचीपण देऊ का उचलून? मी तिच्यावर बसलेलो होतो.

पाळकसाहेब दारातून डोकावून गेले. बरोबर संडे स्कूलच्या बाई. बाईंच्या हातात पुठ्ठ्याची मेंढी. इथे ती आणायचं कारण काय? चिथावणी.

सत्काराच्या भाषणाचा पहिला परिच्छेद तयार. ‘मी याला पात्र नाही’ इथून सुरुवात. बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, हे बाकी खरं आहे.

रविवार, २४ सप्टेंबर

आज दाराबाहेर चपलांचा ढीग. संघात नसलेलीही मुलं होती. एक तर वेगळ्या चर्चची. सत्कार बराच मोठा दिसतो.

पाणी प्यायला म्हणून उठलो. स्वयंपाकघराची वाट मागच्या खोलीवरूनच जाते, त्याला माझा इलाज नाही. दार नीट लागलं नव्हतं. सासूबाई पलंगावर, मांडीवर मटारचं ताट. त्यांच्यासमोर माझी मुलगी जमिनीवर बसलेली, डोळे मिटलेले. आजीचा एक हात तिनं धरला होता, दुसऱ्या हातानं आजी मटार सोलत होत्या. आणि ती बोलत होती. थांबत नव्हती. माझ्याशी गेल्या वर्षभरात बोलली नसेल एवढं. शब्द कळत नव्हते, पण मध्ये एकदा ‘बाबा’ ऐकू आलं. त्यानंतर तिनं बाहीनं नाक पुसलं.

ओठ थांबल्याचं पाहून सासूबाई मोठ्यानं ‘आमेन’ म्हणाल्या. मुलीनं शेजारच्या हूडीचा हात दाबला. हूडी सुरू झाला.

सत्कार नव्हता. प्रार्थना होती.

मी पाणी न पिताच परत आलो. मला वाईट वाटलं, ते इथे लिहायला हरकत नाही, हे कोणी वाचत नाही. मग राग आला, तो जास्त बरा वाटला.

बायकोला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. म्हणाली, “तिला काही ऐकू येत नाही ना, म्हणून जातात. ती कोणाला दुरुस्त करत नाही.”

हे काय कारण झालं! ना मांडणी, ना स्तुती, ना मार्गदर्शन. समोर काय चाललंय हे ठाऊक नसलेली बाई मटार सोलते आहे आणि हे तिच्यासमोर मन मोकळं करतात. याला प्रार्थना म्हणतात? मग माझ्या खोक्यातला पंखा पाळक व्हायला हरकत नाही.

मंगळवार, २६ सप्टेंबर

राग गेला. माझा स्वभावच मोठा आहे. आणि तोडगा सापडला, इतका सोपा की बाकीच्यांना सुचला नाही याचं आश्चर्य वाटत नाही.

मुलांना सासूबाई आवडतात. सासूबाईंमध्ये उणीव एकच, ऐकू येत नाही. ती उणीव मी दूर करणार. नवं मशीन. मग त्या मुलांचं नीट ऐकतील, योग्य ठिकाणी ‘आमेन’ म्हणतील, आणि कोण कुठे कमी पडतंय ते मला सांगतील. त्यावरून मी संघात मार्गदर्शन करीन.

मुलगी खूश होईल.

शनिवार, ३० सप्टेंबर

सकाळी सासूबाईंना घेऊन कानाच्या दुकानात. काचेच्या खोलीत बसवलं, टुकटुक आवाज ऐकवले. मशीन फार सुरेख आहे, कानामागे लपतं. ते लावल्यावर त्या पहिलं वाक्य बोलल्या: “जावईबापू, तुमचा आवाज इतका मोठा आहे?” मी नम्रपणे हो म्हटलं.

संध्याकाळी हॉलमध्ये माइक लावून जाहीर केलं. तुमच्या आजींना आता सगळं, अगदी कुजबुजसुद्धा, स्पष्ट ऐकू येतं. टाळ्यांसाठी थांबलो.

हूडीनं हूड वर ओढला. गिटारवाल्यानं गिटार पिशवीत घातली. जांभई माझ्याकडे टक्क जागी बघत होती, आणि ते जास्त वाईट होतं.

माझी मुलगी खुर्चीवरून उठून माझ्यासमोर आली. हळू बोलली, तरी माइक चालू असल्यामुळे सगळीकडे ऐकू गेलं.

“बाबा, एकच जागा होती. तीही तुम्ही नीट केलीत.”

वाक्याचा पूर्वार्ध मला समजला नाही. उत्तरार्धाबद्दल मी थँक यू म्हणणार होतो, तोवर ती गेली.

रविवार, १ ऑक्टोबर

दुपार. दाराबाहेर चपला नाहीत. मी शर्ट घालूनच बसलो होतो.

मुलगी तिच्या खोलीत. सासूबाई त्यांच्या खोलीत. बायको स्वयंपाकघरात, भांडी नेहमीपेक्षा जोरात ठेवत होती. सासूबाईंनी बाहेर येऊन मला विचारलं, पोरं का आली नाहीत? मी म्हटलं, परीक्षा असेल. इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा दुसराच प्रश्न, आणि मी खोटं बोललो.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

सासूबाई म्हणतात, मशीन बेकार. नुसती खरखर, बोलणं एक कळत नाही. डबीत घालून डबी खिडकीत ठेवून दिली आहे, आत येणाऱ्याला पहिली तीच दिसते. दुकानदाराला फोनवर मी चांगलंच सुनावलं. तो म्हणाला, दोष असणं शक्य नाही. हल्ली कोणी चूक कबूल करतच नाही.

भरीला सासूबाईंना थंडी वाजू लागली आहे. या उकाड्यात डोक्याला लोकरीचा स्कार्फ, कान झाकून, हनुवटीखाली गाठ. वय.

संध्याकाळी दाराबाहेर हूडीचे बूट दिसले. बातमी पसरलेली दिसते. मी सोफ्यावरून उठलो नाही. माझ्या डोळ्यांसमोर रविवार आहे.

शनिवार, ७ ऑक्टोबर

उद्या. मुलीला अखेरची सूचना: श्वास पोटातून, शेवटचे शब्द गिळू नकोस, माइकपासून चार बोटं अंतर. तिनं विचारलं, आणि काय बोलायचं? मी म्हटलं, ते तुझं तू बघ, मुख्य गोष्टी मी सांगितल्या. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तयारी उत्तम आहे.

रविवार, ८ ऑक्टोबर. दुपारी तीन.

घडलं ते क्रमानं लिहितो.

मंडळी गच्च. तरुण पुढे गोल करून उभे, मध्ये स्टँडवर माइक. पाळकसाहेबही गोलात, माझ्या डावीकडे. उजवीकडे माझी मुलगी. तिचा हात मी किती वर्षांनी धरला कोण जाणे. मोठा झालाय. सुरुवात पलीकडच्या टोकाकडून, हूडीपासून. डोळे मिटले. शांतता. शांतता फिरत फिरत येत होती, मला ती ऐकू येत होती. सगळे हात दाबत होते.

मुलीपर्यंत आली. मी कुजबुजलो, पोटातून. खरं तर कुजबुजायचं होतं. वीस वर्षांच्या सवयीनं आवाज मागच्या बाकापर्यंत गेला. कोणीतरी हसलं.

तिनं माझा हात दाबला.

म्हणजे पाळी माझी. अख्खी मंडळी डोळे मिटून वाट बघत होती. अशा क्षणासाठीच माझा जन्म झालाय असं मला नेहमी वाटत आलंय. मी श्वास घेतला. पोटातूनच घेतला. आणि काही आलं नाही. स्तुती, उपकारस्मरण, विनंत्या, सगळी वाक्यं पाठ होती, पण ती सगळी ऐकणाऱ्यांना सांगायची होती. देवाला सांगण्यासारखं त्यात शोधू लागलो तर एकही सापडेना. माइकमध्ये माझा श्वास फक्त ऐकू येत होता.

मी पाळकसाहेबांचा हात दाबला.

ते दचकले. प्रार्थना त्यांनीच केली. बाहेर येताना त्यांनी सांगितलं की पुढच्या शनिवारपासून संघ बाई बघतील. मी मान हलवली. बाईंनी माझ्यासाठी आदरानं वाट सोडली, त्यामुळे जास्तच लागलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी सहा.

घरी कोणी नव्हतं. बायको आणि मुलगी हॉल आवरायला थांबल्या होत्या. मागच्या खोलीत सासूबाई मटार सोलत होत्या, स्कार्फ बांधून. खिडकीत मशीनची डबी, बंद. मी पलंगाजवळच्या स्टुलावर बसलो. मुद्दाम नाही, दुसरीकडे बसावंसं वाटेना एवढंच.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एक हात पुढे केला. सवय झालेली असणार. मी तो धरला. नाही तरी ऐकणारं कोणी नव्हतं.

म्हणालो, प्रभू, मला बोलता येतं, तुझ्याशी येत नाही. आज कळलं. म्हणालो, स्टँडवर वायर सुटली होती तेव्हा मला भीती वाटली होती, मी हसण्यावारी नेलं. हूडीची आई आजारी आहे आणि मी त्याला ‘आमेन’ नीट म्हण म्हणून सांगितलं. माझी मुलगी हसते ते मला फक्त दाराबाहेरून ऐकू येतं. तिनं माझ्याशी बोलावं. काहीही बोलावं. मी मध्ये बोलणार नाही. मग पुढे काही सुचेना म्हणून थांबलो.

सासूबाईंनी शेंग सोलली.

“आमेन म्हणू, की अजून आहे?”

मी डबीकडे पाहिलं. त्यांनी स्कार्फची गाठ सैल करून एक कान दाखवला. मशीन जागच्या जागी होतं.

“पहिल्या दिवसापासून झकास चालतंय,” त्या म्हणाल्या. “पोरांना सांगाल तर याद राखा. आणि पोरगी तुमच्याबद्दल काय बोलते ते मी तुम्हाला सांगणार नाही, तेव्हा असं तोंड करून बघू नका.”

थोड्या वेळानं म्हणाल्या, “बोललात बरं. थोडक्यात.”

माझ्या प्रार्थनेला आजवर मिळालेला हा एकमेव बरा अभिप्राय, आणि तो कोणाला सांगायची सोय नाही.

तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं. मुलगी आली, मागे हूडी, जांभई आणि बाकीचे. सगळे खोलीच्या दारात थबकले. मी स्टुलावर, सासूबाईंचा हात माझ्या हातात. मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मग आजीकडे, मग खिडकीतल्या डबीकडे. सासूबाईंची गाठ पुन्हा घट्ट झाली होती आणि चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

मुलीनं मला विचारलं, “आजीला खरंच ऐकू येत नाही ना?”

तिनं मला विचारलं होतं. मी उभा राहिलो.

“नाही,” मी म्हणालो. “एक अक्षर नाही. या आत.”

माझ्या आयुष्यातली सर्वांत छोटी उद्घोषणा. सगळ्यांनी ऐकली, सगळ्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला आणि सगळे योग्य जागी जाऊन बसले. मुलगी मला वाट देण्यासाठी बाजूला झाली, आणि मी बाहेर पडल्यावर तिनं दार लावून घेतलं.

आता सोफ्यावर बसून लिहितोय. आतून कुजबुज येते आहे. मधूनच ‘आमेन’. अगदी चुकीच्या जागी म्हणतात त्या, मुद्दाम. मला आता कळतंय, आणि सांगता येत नाही.

मटार सोलायला आणून ठेवले आहेत बायकोनं. सोलतो.